मनीच्या हुमण-भाताच्या व्हिडिओबद्दल खुलासा
आमची मांजर मनी बांगड्याचं हुमण (नारळातलं माशाचं कालवण) आणि भात चाटूनपुसून खाते, वर नेवरी म्हणजे करंजीपण, तो व्हिडिओ मीच टाकलेला आणि खाली लिहिलेलं की मांजराला माणसाचं सगळं पचतं. हे चुकीचं आहे, आणि आता फोंड्यातल्या सगळ्या ग्रुपवर तेच फिरतंय. व्हेटने नीट समजावलं, हुमणातला कांदा-लसूण शिजवलेला असला तरी मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, त्रास कधीकधी चार-पाच दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते. गोड तर मांजराला कळतच नाही, नेवरीवर तिचा जीव तो तुपासाठी असणार. मनी बरी आहे, आता तिचा बांगडा मीठमसाला न घालता वेगळा उकडते, काटे काढून. प्लीज तो व्हिडिओ पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्यांना हे पाठवा.