प्रेशर येत नाही, मॅडम

मंगळवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी बोलायला तोंड उघडलं आणि तिथेच गोठले. डोळे अर्धे मिटलेले, जबडा सताड. कुणीतरी पुण्यवानाने तेवढ्यात फोटो काढला. आता ऑफिसच्या ग्रुपवर त्याचा स्टिकर फिरतो. कुणाला कंटाळा आला की मला टाकतात.

नेट अडकतं म्हणून तक्रार केल्यावर चौथ्या दिवशी इंटरनेट कंपनीचा मुलगा आला. वायरला हातही न लावता म्हणाला, "वायर लांब आहे, मॅडम."

आमची सोसायटी कोथरूडची. इंटरनेटची वायर जिथून निघते तो डबा ए विंगच्या गच्चीवर, आम्ही सी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर. मी म्हटलं, "शंभर मीटर चालते की! ९० मीटर मुख्य वायर आणि दोन्ही टोकांचे तुकडे मिळून १०."

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका आले. सोसायटीत कुणी शिडी टेकवली की ते उगवतातच.

"वहिनी, तुमच्याकडे सकाळी पाणी चढतं का?"

"नाही."

"मग इंटरनेट कसं चढेल?"

मुलगा खुलला. "तेच म्हणतोय काका. प्रेशर येत नाही."

"अहो, डबा गच्चीवर आहे. ते उतरतंय."

काका क्षणभरच थबकले. "मग तर जास्त जपायला हवं! कात्रजच्या घाटात लोक उताराला गाडी न्यूट्रल करतात..." पुढची दहा मिनिटं काकांची स्कूटर घाट उतरत होती. मागे काकू, काकूंच्या मांडीवर आंब्याची पेटी. मुलगा शिडीवर बसून ऐकत होता. मीही ऐकलं, नेट नव्हतंच.

लांबीने सिग्नल दमतो हे खोटं नाही. तांब्याच्या तारेतून जाताना तो क्षीण होत जातो, आणि वारंवारता जितकी जास्त तितका लवकर. पण साठेक मीटर कापायला त्याला ०.३ मायक्रोसेकंद पुरतात. काका अजून दुसऱ्या वळणावर होते.

शेवटी मुलाने पुरावाच काढला. वायरच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात. "डब्यापाशी ४१, तुमच्याकडे २६३. झाले ना २२२ मीटर?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच रात्री ती ओढून लांब केली होती.

मी हट्टाने डब्यापासून आकडे वाचत निघाले. वायर काकांच्याच गॅलरीत शिरली. ७९. मग काळ्या टेपचं एक गाठोडं. त्यापुढे थेट २४३! म्हणजे ३८ आणि २०, एकूण ५८ मीटर. लांब म्हणून जिला नावं ठेवली, ती बाई मुळात तोकडी पडली होती आणि तिला दुसऱ्या वायरचं ठिगळ लावलेलं होतं.

टेप सोडली. आत आठ तारा चार-चार बोटं उलगडून एकमेकींना नुसत्या पिळून ठेवलेल्या. या तारांच्या चार जोड्या पीळ देऊन बनवतात, ते एका जोडीची कुजबुज दुसरीला बाधू नये म्हणून. गिगाबिटला, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटच्या वेगाला, चारही जोड्या धड लागतात. एक जरी बिघडली तर गाडी फार तर १०० मेगाबिटवर येते, तीही धडपडत. आमच्या दोन तारा पावसाने हिरव्या पडल्या होत्या. आणि गाठोड्याशेजारीच, वायरवर, ओला टॉवेल.

"काका, हा टॉवेल?"

"वाळत घातलाय."

"वायरवर?"

"एरवी तरी ती वायर काय करते?"

टॉवेल रोज सकाळी. मीटिंगही रोज सकाळी.

मी अखंड वायर मागितली. मुलगा म्हणाला, त्याचे वेगळे पैसे. ठिगळ त्यांचं, पैसे माझे! महिन्याचं बिल मात्र पूर्ण स्पीडचं येतं, त्यात कधी जोड दिसत नाही. त्याने नवी टेप गुंडाळली आणि जाता जाता मोबाइलवर तक्रार बंद केली. कारण: 'ग्राहकाचे अंतर जास्त.'

काकांच्या गॅलरीतून आमच्याकडे यायला वायर शेवटचा मजला खरोखरच चढते. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. टॉवेल त्यांनी काढला. आता तिथे बनियन असतं. ते हलकं असतं म्हणे.