नोटरी, अंगठा आणि आमचे घरमालक काका

आमच्या घरमालक काकांचा देवावर विश्वास आहे, पण नोटरीवर अंमळ जास्तच आहे. त्यांच्या कपाटातल्या एका खणात आजवरच्या सगळ्या भाडेकरूंचे करार आहेत. प्रत्येकावर गोल शिक्का, तिकीट, लाल चकती, आणि एका कोपऱ्यात कुणालाही न वाचता येणारी सही. काका तो खण पाहुण्यांना दाखवतात.

कोथरूडमधला त्यांचा फ्लॅट आम्हाला पसंत पडला. भाडं ठरलं, अनामत ठरली, 'मासे करता का' आणि 'सासू-सासरे आले की किती राहतात' हेही विचारून झालं. मग काका म्हणाले, "सोमवारी कोर्टापाशी या दोघं. शंभराच्या स्टॅम्पवर टाइप करू, नोटरी मारू, विषय संपला."

मी म्हटलं, "काका, नोटरीवर नाही भागत. करार रजिस्टर करावा लागतो."

काकांनी नवऱ्याकडे पाहिलं. 'ही नेहमीच अशी असते का' असा त्या नजरेचा अर्थ होता. नवरा पंख्याकडे बघत होता. अशा वेळी तो पंख्याकडेच बघतो.

"अगं, माझा भाचा बंगळुरात राहतो. अकरा महिन्यांचा करार, नोटरी, झालं! वर्षाच्या आत असलं की रजिस्टर करावं लागत नाही."

भाच्याचं बरोबर होतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणूनच अकरा महिन्यांचा तोडगा देशभर चालतो. पण भाचा बंगळुरात आणि फ्लॅट कोथरूडात. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा. नोटरीचं काम काय, तर समोर बसलेला माणूस तोच आहे आणि सही त्यानेच केली आहे याची खात्री देणं. त्याने सरकारदरबारी दस्त नोंदला जात नाही, चकती कितीही लाल असली तरी.

काकांना नोंदणीची भीती का वाटते, हे चहाबरोबर कळलं. त्यांच्या वडिलांचा पेठेत वाडा होता. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, आणि वाड्यातली बिऱ्हाडं नातवंडांपर्यंत तिथेच राहिली. भाडं इतकं की त्यात पावतीपुस्तकाचा खर्चही निघेना. वडिलांनी मग शक्कल लढवली आणि एक खोली भाड्याने न देता 'लायसन्सवर' दिली. तर १९७३ साली सरकारने ठरवलं की १ फेब्रुवारीला जे असे चालू लायसन्सवर राहतायत ते यापुढे भाडेकरूच. ती खोलीही गेली. "तेव्हापासून," काका म्हणाले, "सरकारी वहीत आपल्या घरात दुसऱ्याचं नाव लिहायचं नाही, हे आमच्या घराण्यात ठरलंय."

यावर हसणं बरं दिसलं नसतं. वाडा गेलेल्या माणसाला कायदा शिकवू नये. पण आम्हाला तर घर हवं होतं, आणि मला पासपोर्टवरचा पत्ता बदलायचा होता. तिथे भाडेकरार चालतो, पण रजिस्टर्ड.

म्हणून मी म्हटलं, "काका, समजा आपण रजिस्टर नाही केला. उद्या भांडण झालं आणि मी सांगितलं की भाडं बावीस हजार नव्हे, पाच हजार ठरलं होतं. तर कायद्यानं आधी माझं खरं धरायचं. खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं."

काकांचा कप बशीवर जरा जोरात आला.

"असं कायद्यात आहे?"

"त्याच कलमात. शिवाय नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही."

आतून काकूंचा आवाज आला, "तीन महिने सलग असतात का गं?" त्या आवाजात काळजी होती असं काकांना वाटलं. मला तसं वाटलं नाही.

मग खर्चाचा विषय निघाला. पुण्यात कुठलीही भीती खर्चापाशी येऊन थांबते. काकांनी कॅल्क्युलेटर काढला. महिना बावीस हजार, अकरा महिने, अनामत एक लाख. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. अनामत परत द्यायची असली तरी तिच्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. आकडा सव्वासहाशेच्या आसपास आला. वर महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार. काकांनी बेरीज दोनदा केली, कारण त्यांना ती जास्त यायला हवी होती.

"आणि शंभराच्या स्टॅम्पवर किती होतं?" त्यांनी विचारलं, आणि कपाटातून एक कोरा स्टॅम्पपेपर काढला. जुना घेऊन ठेवलेला, कडा पिवळ्या पडलेला. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा लागतो, आणि विकत घेतलेला स्टॅम्पपेपर सहा महिन्यांत वापरला नाही तर तसाही बाद होतो, हे सांगताना मला खरंच वाईट वाटलं. काकांनी तो कागद पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवला. टाकला नाही.

खर्च निम्मा-निम्मा ठरला. एजंट म्हणून एक तरतरीत पोरगा आला. ऑनलाइन नोंदणी असल्यामुळे दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जायचं नव्हतं. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन तोच घरी येणार होता. त्याने फ्लॅटचा इंडेक्स-टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा मालकांची नावं असलेला उतारा मागितला, वाचला आणि म्हणाला, "काका, यात दोन नावं आहेत."

दुसरं नाव चिरंजीवांचं. चिरंजीव न्यू जर्सीत.

"तो काही म्हणणार नाही," काका म्हणाले.

"म्हणण्याचा प्रश्न नाही काका, अंगठ्याचा आहे. मालक दोघं असले तर दोघांची संमती लागते. ते येऊ शकत नसतील तर तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र हवं. त्यांनी तिकडे नोटरीसमोर सही करायची, मग त्यावर तिथलं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला घ्यायचा, मूळ कागद इथे पाठवायचा, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं."

काकांना त्यातला एकच शब्द ऐकू आला. "नोटरी!" ते खुर्चीत सरळ बसले. "काय म्हणत होतो मी? शेवटी नोटरी लागलाच ना!"

लागला, हे मान्य करावंच लागलं. मुखत्यारपत्राला नोटरी, प्रतिज्ञापत्राला नोटरी, कागदाची सत्यप्रत करायला नोटरी. अशा ठिकाणी त्या शिक्क्याला खरी किंमत आहे. फक्त भाडेकराराचा शेवटचा मुक्काम तिथे नसतो. पण त्या दिवशी काका जिंकले होते आणि ते वाक्य त्यांच्या कानाशीच थांबलं. पुढे किती दिवस ते सोसायटीच्या बागेत लोकांना सांगत होते की अमेरिकेतसुद्धा नोटरीशिवाय पान हलत नाही.

तो कागद यायला वेळ लागला. तोवर आम्ही जुन्या घरात खोक्यांमध्ये राहिलो. कुठल्या खोक्यात गाळणं आहे हे न कळल्यामुळे चहा साडीच्या फॉलमधून गाळला, एवढं सांगून तो काळ सोडून देते.

अखेर अंगठ्याचा दिवस आला. पोराने मशीन टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "काका, अंगठा."

काका ताठ झाले. "अंगठा? एम.ए. झालोय मी. सही करतो."

"सही नको, अंगठाच लागतो. आधारशी जुळवायचाय."

आमच्या आजोबांनी अख्खं आयुष्य घालवलं ते आपल्याला अंगठा उठवावा लागू नये म्हणून. काकांच्या चेहऱ्यावर तीन पिढ्यांचं शिक्षण वाया गेल्याचं दुःख होतं. त्यांनी अंगठा ठेवला. जुळला नाही. डावा ठेवला. नाही. तर्जनी ठेवली. पोरगा म्हणाला, वय झालं की रेषा पुसट होतात. काका म्हणाले, माझ्या रेषा उत्तम आहेत, ज्योतिषाने सांगितलंय. मग उपाय सुरू झाले. साबणाने हात धुणं, खोबरेल तेल, तेल पुसणं, पावडर. काकूंनी शेवटी त्यांचा अंगठा पदरात धरून, मोदकाला पाकळ्या काढाव्यात तितक्या हळुवारपणे चोळला आणि मशीनवर दाबून धरला. हिरवा दिवा लागला. लग्नातल्या फोटोत नसेल इतक्या प्रेमाने काकांनी काकूंकडे पाहिलं.

माझा अंगठा पहिल्याच फटक्यात जुळला, हे काकांना आवडलं नाही. साक्षीदार दोन: वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले आणि त्यांच्या सूनबाई. बँकवाल्यांनी करार पहिल्या पानापासून वाचायला घेतला, म्हणून त्यांना चहा देऊन कागद काढून घ्यावा लागला. वेबकॅमने सगळ्यांचे फोटो काढले. त्या फोटोंमुळे आम्ही कुठूनतरी पकडून आणलेले वाटतो, आणि त्याच आठवड्यात भाडेकरू म्हणून पोलिसांकडे ऑनलाइन माहिती भरायची असल्यामुळे ते जरा जास्तच लागू पडलं.

नोंदणी झाली. काकांनी प्रिंट काढून खणात ठेवली, तरी तिच्यावर चकती नाही म्हणून अधूनमधून बाहेर काढून बघत असत. मुदत संपल्यावर लायसन्सवर राहणाऱ्याने घर सोडलं नाही तर दुप्पट रक्कम वसूल करता येते, हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मधलं वाक्य कुणीतरी त्यांना दाखवलं. तेव्हापासून त्यांना नोंदणी मनापासून आवडू लागली. जिन्यात भेटले की ते माझी चौकशी करण्याआधी करार संपायची तारीख सांगतात.

मग सोसायटीचं बिल आलं. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. काकांचा फोन आला.

"हे तुम्ही भरायचं ना गं?"

"काका, करारात आहे. सोसायटीची सगळी देणी मालकाकडे."

"कुणी लिहिलं असं?"

"पान तीनवर आहे बघा. खाली तुमचा अंगठा आहे."

पलीकडे बराच वेळ पानं उलटल्याचा आवाज आला.

"अगं, अंगठा लावला म्हणजे माणसाने वाचलं असं कुठे होतं?"