श्नायडर ट्रॉफीच्या नाण्यासाठी एफडी मोडू नका

मामा एफडी मोडायला निघालेत, म्हणून हे लिहितोय. त्यांना आलेला फॉरवर्ड असा: ‘श्नायडर ट्रॉफी या सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणाऱ्या विमानांच्या शर्यतीचं ब्रिटिश चांदीचं नाणं. मूळ ट्रॉफी वितळवून पाडलेलं. कायदेशीर चलन, कुठलीही बँक घेईल. पाच वर्षांत दामदुप्पट. नाण्यावर स्पिटफायर हे लढाऊ विमान, ज्याने 1931 साली सगळ्या देशांना हरवलं.’

ट्रॉफी वितळवली? ती लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये शाबूत आहे. 1927, 1929 आणि 1931 असं लागोपाठ तीनदा जिंकल्याने ती ब्रिटनकडे कायमची राहिली.

खरा घात ‘कायदेशीर चलन’ या शब्दांत आहे. निवृत्त माणसाला त्यात सरकारी हमी दिसते. ब्रिटनची टांकसाळ रॉयल मिंट स्वतःच सांगते की अशी 5 पौंडांची स्मारक नाणी कायदेशीर चलन असली, तरी ब्रिटनमधली दुकानं आणि बँका ती घ्यायला बांधील नाहीत. तिथली बँक बांधील नाही, तर ठाण्यातली कशी घेईल? 5 पौंडांच्या चांदीच्या नाण्याचं नेहमीचं वजन 28.28 ग्रॅम, शुद्धता 925. म्हणजे शुद्ध चांदी साधारण 26 ग्रॅम. विकायला गेलात की सराफ तेवढ्याचेच पैसे देणार, तेही घट धरून. वर मोजलेले पैसे हौसेचे; ते परत मिळायला तसाच हौशी गिऱ्हाईक भेटावा लागतो. दामदुप्पट कोण देणार, हे फॉरवर्डमध्ये कुठेच नाही.

आणि फॉरवर्डसोबतचा फोटो मोठा करून बघा. दर्शनी किंमत नाही, राजाराणीचं नाव नाही, देशाचं नाव नाही. हे नाणंच नव्हे, पदक आहे. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सिल्व्हर प्लेटेड’ लिहिलंय, म्हणजे वरून नुसता मुलामा. 26 ग्रॅमचा हिशेबही इथे लागू नाही.

सगळ्या देशांना हरवलं म्हणे! 1931 साली इटली आणि फ्रान्स उतरलेच नाहीत. ब्रिटनचा वैमानिक बूथमन एकटाच उडाला, ताशी सुमारे 547 किलोमीटरने.

स्पिटफायरचं मात्र अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. बूथमनचं विमान सुपरमरीन एस.6बी, ते आणि स्पिटफायर, दोन्ही अभियंता मिचेलनेच रेखाटली आणि शर्यतीतला अनुभव पुढे कामी आला. पण स्पिटफायर पहिल्यांदा उडालं 1936 मध्ये, वेगळ्या मर्लिन इंजिनावर.

मामा, या शर्यतींची आवड असेल तर वजन, शुद्धता आणि दर्शनी किंमत स्पष्ट लिहिलेलं एखादं नाणं पेन्शनमधून जरूर घ्या. एफडीला हात लावू नका.