सेलोटेप, डेप्थ मायक्रोमीटर आणि हेडस्पेस: एका प्रतिक्रियेला उत्तर

सातपूरचे दादा, नमस्कार.

बोल्ट-ॲक्शन रायफलची बॅरल बदलताना हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून, चेंबरमध्ये म्हणजे काडतूस बसायच्या पोकळीत काडतूस जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर) कसा बसवतात, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी तिचा गोषवारा: 'गो' (यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा) आणि 'नो-गो' (यावर होता कामा नये) गेज म्हणजे विकणाऱ्यांचा धंदा, काडतुसाच्या बुडाला सेलोटेपच्या दोन पट्ट्या लावल्या की भागतं, नाहीतर डेप्थ मायक्रोमीटरने मापं घेऊन वजाबाकी करावी, रायफली अशा फुटत नसतात, आणि फौजेतल्या आर्मररने, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याने, टूलरूमवाल्यांना चार थाउचं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कौतुक सांगू नये. शेवटचा टोला आवडला. सातपूर-अंबडला दिवसभर मायक्रॉनमध्ये काम चालतं, देवळाली कॅम्पात बसून मी तुम्हाला मोजमाप शिकवायला जाणार नाही. पण सेलोटेप काही पटत नाही, आणि का ते आकड्यांतच सांगतो.

.३०८ विंचेस्टर घ्या. गो गेज १.६३० इंचाचा, नो-गो १.६३४चा, आणि वापरात झिजलेली रायफल तपासायचा फील्ड गेज १.६३८चा. आता काडतूस. 'सामी' या अमेरिकी मानकाप्रमाणे काडतुसाचं हेच माप १.६२७ ते १.६३४ यात कुठेही असलं तरी माल पास. म्हणजे गो आणि नो-गोमध्ये फरक चार थाउचा, आणि ज्याला तुम्ही गेज म्हणून वापरताय त्या काडतुसालाच सूट सात थाउची! टेपची एक पट्टी दोन थाउची धरली, तर आखूड काडतुसावर तुमचा गेज होतो १.६३१चा आणि लांब काडतुसावर १.६३८चा. दोन्ही वेळा दिसणार एकच, बोल्ट बंद होत नाही. पहिल्या वेळी चेंबर झकास असेल. दुसऱ्या वेळी ते नो-गो ओलांडून फील्डला खेटलेलं असू शकतं आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. त्यात टेप दबते. बोल्टच्या कॅमला इतका जोर असतो की हँडल जरा रेटलं तरी पट्टी चेपली जाते. शॉपमध्ये एखाद्या पोऱ्याने माप ठाऊक नसलेल्या पिनेवर टेप गुंडाळून बोअर तपासला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल? वर ते काडतूस जिवंत असतं, हे आणखी वेगळंच.

डेप्थ मायक्रोमीटरचा मुद्दा मात्र वजनदार आहे. अर्धा मान्य. अडचण अशी की .३०८चं माप सपाट तोंडापासून सपाट तोंडापर्यंत घेतच नाहीत. एक टोक बोल्टचं तोंड, आणि दुसरं टोक चेंबरच्या २० अंशाच्या उतरत्या खांद्यावर, जिथे व्यास बरोबर ०.४०० इंच भरतो ती रेघ. त्या रेघेवर तुमच्या मायक्रोमीटरची दांडी टेकवणार कशी? तिथे गेज लागतोच. पण गो गेज चेंबरमध्ये बसवून तो बॅरलच्या शोल्डरपासून (बॅरल ॲक्शनला जिथे टेकते ती बाहेरची पायरी) किती बाहेर राहतो हे मायक्रोमीटरने मोजायचं, ॲक्शनच्या, म्हणजे बोल्ट ज्यात चालतो त्या सांगाड्याच्या, तोंडापासून बोल्टच्या तोंडापर्यंतची खोली मोजायची, आणि फरक काढायचा. मध्ये रिकॉइल लगची चकती असेल तर तिची जाडीही हिशेबात धरायची. चेंबर कोरणारा रीमर अजून किती आत जायला हवा ते यातून कळतं. म्हणजे तुमची वजाबाकी हवीच, गेज हातात घेऊन.

नटाने बॅरल आवळायची पद्धत, सॅव्हेज या रायफल कंपनीची, हिच्याबद्दल तुम्ही "ती तर कुणीही करेल" म्हणालात. इंचाला २० आटे, म्हणजे एका फेऱ्यात ५० थाउ. चार थाउ म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग. शिवाय नट आवळताना आट्यांमधली ढिलाई निघून बॅरल किंचित पुढे ओढली जाते. म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासायचं. आधी बरोबर होतं, हे पुरेसं धरायचं नाही.

मूळ लेखात हाताच्या अंदाजावर मी फार कमी लिहिलं होतं, ते इथे भरून काढतो. बोल्टमधून फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर आणि प्लंजर जातीचा इजेक्टर काढून टाका. इजेक्टरची स्प्रिंग गेजला पुढे ढकलते आणि हाताला खोटा अडथळा जाणवतो. चेंबर आणि बोल्टचं तोंड पुसून घ्या. खांद्यावर एक बारीकशी चिप राहिली तरी सगळं माप खोटं. मग गो गेजवर हँडल बोटाच्या टोकाने, जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली यायला हवं. नो-गोवर ते वाटेतच थांबतं. थांबलं की थांबायचं, रेटायचं नाही. लग (बोल्टला ॲक्शनमध्ये अडकवणारे दात) घासून जुळवायचे असतील तर ते आधी, कारण त्याने बोल्ट मागे सरकतो आणि हेडस्पेस वाढतो.

"रायफली फुटत नसतात" हेही बऱ्याच अंशी खरं आहे. जास्तीच्या हेडस्पेसने पहिल्याच गोळीला काही होईल असं नाही. पिनच्या ठोक्याने काडतूस पुढे जातं, दाबाने पुढचा पातळ भाग चेंबरच्या भिंतीला चिकटतो, आणि बूड मागे सरकून बोल्टला टेकतं. या ओढाताणीत बुडाच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसतं. वाकवलेली तार आत घालून ओढली तर टोक खाचेत अडकतं. तिथूनच काडतुसाची पितळी नळी (केस) तुटते, आणि .३०८चा दाब ६२,००० पीएसआयपर्यंत जातो. तो वायू मागे कुठून वाट काढेल याचा भरवसा नाही.

आणि हो, शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. टूलरूममध्ये कितीही भारी लेथ असला तरी मित्राची बॅरल त्यावर चढवू नका.

राहिला तुमचा .३१५चा प्रश्न. ते ८ मिमी मॅनलिकरचं कडावालं काडतूस. त्याची कडा बॅरलच्या मागच्या तोंडावर टेकते, त्यामुळे तिथे खांद्याचा संबंध नाही. बॅरलचं तोंड ते बोल्टचं तोंड, सरळ सपाट ते सपाट. बोल्ट मागे दाबून धरून ढिलाई काढली, तर या एका रायफलवर तुमचा डेप्थ मायक्रोमीटर खरंच बरंच काही सांगून जाईल.