बझर वाजला म्हणजे कॉइल चांगली? नेमकं उलट आहे

साताऱ्यातल्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "स्पार्क येत नाही? मल्टीमीटर बझरवर ठेवा, पिकअप कॉइलच्या दोन वायरींना लावा. वाजला तर कॉइल चांगली, नाही वाजला तर बाद. कुठल्याही सेन्सरला हीच युक्ती. तरी शंका असेल तर बॅटरीचा करंट थेट देऊन बघा."

पिकअप कॉइल म्हणजे इंजिन फिरताना स्पार्क कधी द्यायचा याचा सिग्नल देणारा सेन्सर. आधी बझरचं. बहुतेक मीटरचा बझर 30 ते 50 ओहमच्या आत रेझिस्टन्स असेल तरच वाजतो. पिकअप कॉइल म्हणजे बारीक तारेचे शेकडो वेढे. दुचाकीत तिचा आकडा बहुधा 100 ते 300 ओहम, आणि कारमध्ये तेच काम करणाऱ्या दोन वायरींच्या क्रँक सेन्सरचा 500 ते 1500 च्या आसपास येतो. म्हणजे धडधाकट कॉइलवर बझर गप्पच राहणार, आणि वाजला तर ती आतून शॉर्ट झालेली असण्याची शक्यता जास्त. मेसेजवाल्याच्या हिशेबाने चांगली कॉइल भंगारात जाते आणि खराब गाडीत राहते! मीटर 2000 ओहमच्या रेंजवर घ्या, कपलर (वायरींचा प्लग-जोड) सोडवा, मोजा आणि आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा.

आकडा बरोबर आला तरी लगेच निर्धास्त होऊ नका. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या वाटेवर गाडी बंद पडते आणि अर्धा तास थांबलं की मुकाट्याने चालू होते, ही तक्रार घ्या. गॅरेजला येईपर्यंत इंजिन गार झालेलं असतं, मग मीटर सगळं ठीकच दाखवणार. अशी कॉइल तापलेली असतानाच मोजायची, नाहीतर सुटी काढून हेअर ड्रायरने तापवून. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो, म्हणून तापमान 60 अंशांनी वाढल्यावर 200 चे 250 झाले तर घाबरायचं कारण नाही. पण तापल्यावर मीटरने ओपन (आकडाच नाही, सर्किट तुटलेलं) दाखवलं, तर आत तार तुटलेली आहे.

गार-गरम दोन्ही आकडे बरोबर असले, तर मीटर एसी व्होल्टवर घेऊन सेल्फ मारा. काही दशांश व्होल्ट तरी दिसले पाहिजेत. काहीच नसेल तर कॉइल आणि तिच्यासमोर फिरणारा भाग यांतला गॅप वाढलाय का, कॉइलच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलाय का ते बघा. सिग्नलचा आकार मात्र मीटर दाखवत नाही, त्याला सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोपच लागतो.

"कुठल्याही सेन्सरला" हे तर साफ चूक. हॉल सेन्सर (चुंबकीय क्षेत्र ओळखणारा दुसऱ्या प्रकारचा सेन्सर) घ्या; त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे ओहमच्या आकड्याला अर्थ नाही. कपलर जोडलेला ठेवून चावी ऑन करायची: एका वायरीवर 5 किंवा 12 व्होल्ट, दुसरी अर्थिंगची, आणि क्रँक हाताने हळू फिरवल्यावर तिसरीवर व्होल्टेज वर-खाली झालं पाहिजे. तीन वायरी दिसल्या म्हणजे हॉलच, असंही नाही. कधी तिसरी नुसती शील्डची (बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून वाचवणाऱ्या आवरणाची) असते. त्यामुळे आधी वायरिंग डायग्राम.

बॅटरीचा थेट करंट? 5 व्होल्टच्या सेन्सरला 12 दिले, तर तो जळू शकतो. विषय संपला.

आणि मेसेजमध्ये कपलरचा उल्लेखच नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर पिना हिरव्या पडलेल्या असतात. कॉइलचा आकडा कपलरच्या अलीकडून (कॉइलच्या बाजूने) आणि पलीकडून (कपलर जोडून, पुढच्या वायरिंगच्या टोकाला), वायर हलवत घ्या. फक्त पलीकडून घेताना आकडा नाचत असेल, तर दोष कपलरचा किंवा वायरीचा; नवी कॉइल आणायची गरज नाही.