बोथट तलवारीचे लाड

‘धार नाही ना? मग कशाला घाबरायचं?’ असं म्हणत जो नाटकातल्या लढाईची तलवार उचलतो, त्याच्यापासून मी आधी दोन पावलं मागे सरतो. सव्वा किलो पोलाद डोक्यात बसायला धार लागत नाही. आणि टोक कितीही गोल केलं तरी डोळ्याच्या खोबणीत ते मावतंच, म्हणून सरावाला जाळीचा मुखवटा हवाच.

‘घरच्या तलवारीची धार घासून देऊ का?’ हे दुसरं संकट. घासून धार जाते, पण काठ पातळच राहतो, आणि ग्राइंडरवर फार तापलं तर पात्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. सरावाचं पातं स्प्रिंग स्टीलचं आणि जन्मतःच बोथट असतं: काठ दीडदोन मिलिमीटर जाड, कडा गोलावलेल्या, कडकपणा रॉकवेल सी मापावर 50च्या आसपास. फार मऊ असलं तर वाकतं, फार कडक असलं तर त्याचे तुकडे उडतात. शोभेच्या स्टेनलेस तलवारीत तर मुठीच्या आत बहुधा वेल्डिंग केलेली काडीच असते. तिसऱ्या वाराला पातं प्रेक्षकांत जातं आणि नायक नुसती मूठ परजत संवाद पूर्ण करतो.

खरा छळ तालमीनंतरचा. वार पात्याच्या सपाट बाजूवर झेला म्हणून घसा कोरडा करावा, पण नटांना खणखणाट प्यारा. काठावर काठ आपटतो, खाचा पडतात आणि खाचेच्या कडेला धातूची बारीक कूस उभी राहते. ही कूस मात्र धारेपेक्षा इमानदार, जो हात लावेल त्याला कापते. काठावरून कापसाचा बोळा फिरवायचा. जिथे तंतू अडकला तिथे कूस. मग बारीक दाताची सपाट कानस लांबीच्या दिशेने मारायची. आडवी मारली की ओरखडे राहतात, आणि तडा नेमका तिथून सुरू होतो. खोल खाचेचा कोनही तसाच घातकी, म्हणून गोल कानशीने ती उथळ आणि पसरट करायची. त्यावर 220 नंबरचा पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक 400चा. असं घासत घासत काठ दीड मिलिमीटरच्या खाली गेला की पातं निवृत्त! नायक त्याच तलवारीसाठी हटून बसला तरी.

मूठ कानाशी धरून हलवायची. खुळखुळली तर त्या दिवशी रंगमंच बंद. शेवटी तेलाचा पातळ हात, कारण घामट बोटांचे ठसे गंजून उमटतात. पातळच हं, जास्त झालं की कपडेपटवाले भांडायला येतात.