पराभवाचे कलम कसे जोपासावे

आपला संघ पुनर्बांधणीत आहे असे व्यवस्थापनाने एकदा जाहीर केले, की आपण सर्वप्रथम जिंकण्याची हौस सोडावी. ती एकाएकी सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. परंतु निदान चारचौघांत ती दिसू देऊ नये, कारण पुनर्बांधणीच्या काळात जिंकलेला सामना म्हणजे एकादशीच्या दिवशी बांगड्याचे तिखले खाण्यातला प्रकार मानला जातो. चव लागते, पण पुण्य जाते.

मी देवगडात राहतो आणि एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधील युटा जॅझ या संघाचा पाठीराखा आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय, असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की तो संघ खाऱ्या तळ्याच्या काठचा आहे आणि मी खाऱ्या वाऱ्याचा. खरी गोष्ट अशी, की १९९७ आणि १९९८ अशा लागोपाठ दोन वर्षी हा संघ अंतिम फेरीत शिकागो बुल्सकडून हरला, आणि सारे जग जिंकणाऱ्याच्या बाजूला असताना मला जॉन स्टॉकटन नावाचा, स्वतः बास्केट करण्यापेक्षा दुसऱ्याला चेंडू देण्यात रमणारा माणूस आवडला. तेव्हापासून ही निष्ठा चालू आहे. संघाच्या गावी, सॉल्ट लेक सिटीत, संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात आमच्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात, त्यामुळे माझा पराभव चहाबरोबर होतो आणि नेमके त्याच वेळी परसातली फुले काढायला आलेले शेजारचे तात्या खिडकीतून विचारतात, "काय रे, आजपण हरलंस?"

आपणही असा एखादा संघ निवडला असेल, तर पुढील पथ्ये पाळावीत.

संघ चांगला खेळू लागला तर घाबरून जावे. २०२२ च्या उन्हाळ्यात जॅझने रूडी गोबेरला मिनेसोटाकडे आणि डॉनोव्हन मिचेलला क्लीव्हलंडकडे धाडले आणि बदल्यात ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या भावी निवडींची थप्पी घेतली. ड्राफ्ट म्हणजे दर उन्हाळ्यात होणारे नव्या खेळाडूंचे वाटप, आणि त्यात हरणाऱ्या संघांना आधी निवडायला मिळते. आता आपण नीट हरू, असा सर्वांचा समज होता. परंतु उरलेल्या मंडळींना ही योजना कुणी समजावून सांगितली नसावी, कारण त्यांनी हंगामाची सुरुवात १० विजय आणि ३ पराभव अशी केली. लाउरी मार्कानेन तर ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक उत्तम खेळाडूंपैकी एक, झाला. असे बेजबाबदार वर्तन किती काळ चालू द्यायचे? फेब्रुवारी २०२३ मध्ये माइक कॉनली, जॅरेड व्हँडरबिल्ट आणि मलिक बीझली यांना निरोप देण्यात आला आणि संघ पुन्हा मार्गावर आला. पुढच्या फेब्रुवारीत केली ओलिनिक, ओचाई अगबाजी आणि सिमोने फाँतेकिओ यांची पाळी होती. फेब्रुवारी हा आमच्याकडे मोहोर जपण्याचा महिना आहे. तुडतुडे, भुरी आणि अवकाळी पावसाच्या धास्तीने बागायतदाराची झोप उडते. जॅझच्या व्यवस्थापनाला मात्र मोहोर टिकेल की काय, याचीच धास्ती असते.

ही तुलना मी तात्यांपुढे मांडली तेव्हा त्यांनी मला बागायतीतला एक नियम सांगितला. हापूसचे नवे कलम लावले, की पहिली दोन-तीन वर्षे आलेला मोहोर खुडून टाकायचा असतो, म्हणजे झाडाची शक्ती फळात न जाता खोडात जाते. मला इतका आनंद झाला की व्यवस्थापनाला पत्रच लिहावे असे वाटले. पण तात्या पुढे म्हणाले, "मोहोर खुडूक होयो, झाड उपटूक नको." हे वाक्य आपण विसरून जावे. पुनर्बांधणीच्या काळात बागायतदारांशी फार बोलू नये.

दुसरे पथ्य असे, की प्रेम खेळाडूवर करू नये, पिकवर करावे. ड्राफ्टमधल्या निवडीला आपण सारे पिक म्हणतो. शेतातले पीक आणि हे पिक यांत केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा फरक आहे, आणि दीर्घ काळ वाट पाहावी लागते ती मात्र ऱ्हस्ववाल्याची. खेळाडूचा गुडघा दुखतो, त्याचा नेम चुकतो, त्याला पगारवाढ हवी असते. २०२७ च्या पिकचा आजवर एकही नेम चुकलेला नाही. २०२९ चे पिक तर अजून शाळेत आहे, आणि त्याच्याइतका निष्कलंक बचावपटू मी पाहिलेला नाही. जुन्या घरातल्या माणसांनी जमिनीचे सातबारे ट्रंकेत जपून ठेवावेत आणि शेत मात्र कुणी कसू नये, त्याप्रमाणे आपण या पिकांची यादी पाठ करावी, कोणत्या पिकला कोणते संरक्षण आहे (म्हणजे दुसऱ्याला देऊ केलेले पिक कोणत्या क्रमांकापर्यंत आले तर आपल्याकडेच राहते) हे झोपेतही सांगता यावे, आणि प्रत्यक्ष कोर्टावर पाच जण कोण उभे आहेत या तपशिलात फारसे शिरू नये.

या श्रद्धेला आधार नाही असे कुणी म्हणू नये. २०२१ मध्ये जॅझचा कारभार हाती घेणारे डॅनी एंज पूर्वी बॉस्टनमध्ये होते, आणि २०१३ मध्ये त्यांनी केव्हिन गार्नेट व पॉल पिअर्स हे उतरणीला लागलेले दोन दिग्गज ब्रुकलिनला देऊन त्या संघाची पुढील अनेक वर्षांची पिके उचलली. त्यांतूनच पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम आले आणि २०२४ मध्ये बॉस्टन विजेता ठरला. फक्त एक गोष्ट लक्षात घ्यावी: ती पिके बॉस्टनची स्वतःची नव्हती, ब्रुकलिनची होती. पहिला हंगाम सोडला, तर बॉस्टनने त्या काळात स्वतः हरण्याचे कष्ट घेतलेच नाहीत, हरण्याचे काम बाहेर देऊन टाकले. आम्ही मात्र ते घरच्या घरी करतो.

हरण्यासाठी गणित यावे लागते, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे लॉटरीने ठरते. तिच्या यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू असतात, त्यांतून चार निघतात आणि १,००१ जोडण्या होतात. त्यांतली एक बाजूला ठेवून उरलेल्या १,००० जोडण्या बाद फेरी (प्लेऑफ) हुकलेल्या १४ संघांत वाटल्या जातात. २०१९ पूर्वी सर्वांत वाईट संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के संधी असे. मग लीगच्या लक्षात आले की लोक मुद्दाम हरत आहेत, म्हणून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के संधी देण्यात आली. २०२५ च्या लॉटरीतही याचा अर्थ असा होता, की आपण अखेरच्या क्रमांकावर येण्यासाठी जिवाचे रान केले, तरी आपल्याला तिसऱ्या वाईट संघाइतकीच संधी मिळते, आणि पाचव्या क्रमांकावर घसरण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के राहते. हा जुगार आहे, असे तात्या म्हणतात. मी त्यांना विचारले की हापूसची पेटी वाशीला पाठवताना भाव ठरलेला असतो का? त्यावर ते काही बोलले नाहीत, पण फुलेही घेऊन गेले नाहीत.

२०२४-२५ च्या हंगामात जॅझने ही साधना पराकोटीला नेली. १७ विजय आणि ६५ पराभव. संघाच्या इतिहासातला हा सर्वांत वाईट हंगाम. मार्च महिन्यात तर ठणठणीत मार्कानेनला न खेळवल्याबद्दल लीगने संघाला एक लाख डॉलरचा दंड ठोठावला, आणि ज्या सामन्यावरून हे प्रकरण उद्भवले तो वॉशिंग्टनशी, म्हणजे हरण्याच्या शर्यतीतल्या आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याशी होता. सामना जिंकण्यासाठी लबाडी करणारे पुष्कळ पाहिले; परंतु हरण्यासाठी दंड भरण्यात जी निरिच्छता आहे, ती आपण डोळे मिटून अनुभवावी.

मग १३ मे उजाडला. लॉटरी पाहायला मी पहाटे साडेचारला उठलो. कोयत्याने फोडलेला नारळ देवापुढे ठेवला होता, आणि तो नासका निघाला नव्हता. पहिला क्रमांक डॅलसला मिळाला, ज्याची संधी १.८ टक्के होती आणि ज्याने तीनच महिन्यांपूर्वी लुका डॉन्चिच नावाचा, जगातल्या पहिल्या पाचांत गणला जाणारा तरुण खेळाडू आपण होऊन देऊन टाकला होता. आम्ही पाचवे आलो. वॉशिंग्टन सहावे. अशा वेळी आपण 'अन्याय' हा शब्द वापरू नये. 'पाचव्या क्रमांकावरही चांगले खेळाडू मिळतात' असे म्हणावे, आणि ते म्हणताना मग ६५ सामने कशासाठी हरलो, हा विचार मनात येऊ लागला तर बाहेर जाऊन नारळाच्या आळ्यात पाणी सोडावे.

पाचव्या क्रमांकावर एस बेली आला. मुलगा उंच आहे, नेमबाज आहे, दिसायला फळ देखणे आहे. हापूसमध्ये साका असला तर तो बाहेरून दिसत नाही. रंग केशरी, देठाशी वास घमघमता, आणि कापल्यावर आत पांढरा, स्पंजासारखा गर. ड्राफ्टमधल्या एकोणीस वर्षांच्या पोराचे तसेच आहे, आणि ते कळायला तीन-चार वर्षे लागतात. तोवर ज्यांनी आंबा निवडला ते व्यवस्थापक दुसऱ्या बाजारात गेलेले असतात.

आता एक धोक्याची सूचना. फावल्या वेळात आपण जॅझच्या जुन्या ड्राफ्टचे आकडे चुकूनही काढू नयेत. मी काढले. स्टॉकटन १९८४ मध्ये सोळावा निवडला गेला, कार्ल मलोन १९८५ मध्ये तेरावा. गोबेर २०१३ मध्ये सत्ताविसावा होता, मिचेल २०१७ मध्ये तेरावा. म्हणजे या संघाचे जे जे म्हणून वैभव आहे, त्यातले बहुतेक अशा जागांवरून आले की जिथे पोहोचायला तळ गाठावा लागत नाही. माणसे पारखावी लागतात आणि मग त्यांना जिंकत्या संघात खेळायला शिकवावे लागते. हे फार कष्टाचे काम आहे. हरणे त्यामानाने सोपे.

कुणी हा मुद्दा काढलाच, तर आपण ताबडतोब ओक्लाहोमा सिटीच्या संघाचे नाव घ्यावे. ओक्लाहोमाने दोन वर्षे भरपूर हार पत्करली, डिसेंबर २०२१ मध्ये एक सामना ७३ गुणांनी गमावला, आणि २०२५ मध्ये विजेतेपद मिळवले. इथेच थांबावे. त्यांचा सर्वोत्तम खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर मुळात अकराव्या क्रमांकाचा होता आणि तो पॉल जॉर्जच्या बदल्यात क्लिपर्सकडून आला, जेलन विल्यम्स बाराव्या क्रमांकाचा होता आणि तेही पिक क्लिपर्सचेच होते, हे तपशील समोरच्याला माहीत नसतील अशी आशा करावी. आणि फिलाडेल्फियाचा विषय निघाला तर कॉफी सांडावी. त्या संघाने २०१३ ते २०१६ या तीन हंगामांत १९, १८ आणि १० सामने जिंकले, 'प्रक्रियेवर विश्वास ठेवा' हा मंत्र जगाला दिला, आणि २०२५ पर्यंत प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपलीकडे त्यांची गाडी गेलेली नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून पाहणाऱ्या माणसाला प्रक्रियेवरचा विश्वास शिकवण्याची तशी आवश्यकता नसते.

२०२५ च्या उन्हाळ्यातल्या खेळाडूंच्या निर्णयांविषयी मात्र आपली समज पक्की असली पाहिजे. कॉलिन सेक्स्टन दर सामन्यात १८ हून अधिक गुण करत होता. त्याला शार्लटकडे देऊन आम्ही युसूफ नुर्किच घेतला, आणि वर दुसऱ्या फेरीचे एक पिकही दिले. बाजारात पापलेट देऊन मोरी घ्यावी आणि वर कोळणीलाच पैसे द्यावेत, असे आपल्याला वाटेल. तसे वाटू देऊ नये. सेक्स्टन अधूनमधून सामने जिंकून द्यायचा, त्याची ही किंमत होती. जॉर्डन क्लार्कसनचा करार पैसे देऊन संपवण्यात आला. तोही कधीकधी नेम लावत असे.

हे सारे कशासाठी, तर २०२६ च्या पिकसाठी. २०२१ मध्ये डेरिक फेव्हर्सचा पगार नको म्हणून त्याला जॅझने ओक्लाहोमाच्या गळ्यात बांधले, आणि त्या उपकारापोटी भविष्यातले पहिल्या फेरीचे एक पिकही देऊ केले. करार असा होता, की २०२६ मध्ये ते पिक पहिल्या आठांत असेल तर आमच्याकडे राहील, नाहीतर ओक्लाहोमाला जाईल. म्हणजे २०२५-२६ च्या हंगामात आम्ही थोडे बरे खेळलो, तर बक्षीस विजेत्यालाच मिळणार होते. एका माणसाचा पगार वाचवण्यासाठी घेतलेले हे कर्ज अख्खा संघ पाच वर्षांनी हरून हरून फेडत होता. तात्यांना मी हे समजावले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हरल्यावर फायदो गावता? मगे माका घे मरे टीमात." त्यांचे वय एकाहत्तर आहे, उडी शून्य, डावा खांदा धरलेला, विचार करता प्रस्ताव वाईट नाही. संघात नियमित करारांच्या पंधरा जागा असतात, शिवाय दुहेरी कराराच्या, म्हणजे मुख्य आणि दुय्यम संघांत ये-जा करणाऱ्यांच्या, तीन.

भातकापणी संपत आली की नवा हंगाम सुरू होईल. आपण सकाळी साडेसातला चहा घेऊन बसाल, आणि एखाद्या दिवशी असे घडेल की शेवटच्या चार सेकंदांत कुणीतरी वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, ज्याला ओक्लाहोमाचे पिक, आठाचे संरक्षण यांतले काहीही आठवणार नाही, तो दोघांच्या हातांवरून चेंडू फेकील आणि तो जाळीत पडेल. आपण ओरडाल. बशी फुटेल. आतून कुणी विचारले तर अंगावर पाल पडली असे सांगावे, आणि खिडकीपाशी तात्या उभे असतील तर त्यांच्याकडे न बघता, गंभीर चेहऱ्याने, फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करू लागावे.